वाचल्याची नोंद कुणासाठी?

शेतकऱ्याचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या वह्यांमध्ये लिहिलेलं असतं. जमीन किती आणि कुणाच्या नावावर, हे गाव नमुना सातमध्ये. तिच्यात काय पेरलं, हे गाव नमुना बारामध्ये. दोन्ही मिळून आपला सातबारा. बाप गेला, भाऊ वेगळा झाला, बहिणीनं हक्कसोड करून दिली, की त्याचा फेरफार सहा नंबरात. कर्ज किती उचललं आणि किती थकलं, हे सोसायटीच्या खतावणीत. सकाळी किती लिटर दूध घातलं आणि फॅट किती लागली, हे डेअरीच्या कार्डावर. मेथीच्या किती जुड्या गेल्या, काय दरानं गेल्या, त्यातून हमाली किती आणि तोलाई किती वजा झाली, हे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या आडत्याच्या पट्टीवर. माझ्याबद्दल एवढं लिहून ठेवलेलं आहे, पण त्यातलं एक अक्षर माझ्या हातचं नाही. 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानंच फोनवर करायची पद्धत आली खरी, पण रकाने सरकारचेच. जे विचारलंय तेवढंच भरायचं.

या सगळ्या वह्यांमध्ये एक वही अशी आहे, जी मी लिहितो आणि जी कुणी मागत नाही. ती वाचलेल्या पुस्तकांची वही. 1976 साली दहावी झालो आणि शाळा सुटली. त्यानंतर जे वाचलं ते कुणी सांगितलं म्हणून नाही, परीक्षेसाठी नाही, की पोटासाठी नाही. गोडी लागली म्हणून वाचलं. आणि वाचलं ते लिहून ठेवलं. आधी आडत्याच्या पट्ट्यांच्या कोऱ्या बाजूवर, मग पोरांच्या शाळेच्या उरलेल्या वह्यांमध्ये. आता चौथी वही चालू आहे.

तर प्रश्न असा, की गोडीनं केलेल्या गोष्टीचा हिशेब ठेवावा का? ठेवला तर तो कुणासाठी? आणि त्यात खोटं लिहिलं, तर कुणाचं काय बिघडतं?

या प्रश्नावर मला दोन बाजूंनी दोन माणसं बोल लावतात. आमचं गाव पुण्याच्या वेशीवरचं. 2017 साली अकरा गावं महापालिकेत गेली, त्यात आमचंही गेलं. म्हणजे मी शेत न सोडता पुणेकर झालो. त्यामुळं माझे सोबती दोन्हीकडचे आहेत. पुण्यात पेठेत एक निवृत्त प्राध्यापक आहेत, माझ्याकडून वर्षानुवर्षं भाजी घेतात. ते म्हणतात, "आनंदासाठी वाचायचं तर लिहून कशाला ठेवायचं? जेवण झाल्यावर किती घास खाल्ले ते कोणी लिहितं का? हिशेब आला की आनंद गेला." गावातला माझा चुलतभाऊ दुसऱ्या टोकाचा. तो म्हणतो, "लिव्हून ठेवायचं तर कामाचं ठेव. खत किती टाकलं, पाणी किती पाळ्या दिलं. गोष्टीची पुस्तकं वाचली ह्याची कसली नोंद? तो काय धंदा हाये व्हय?"

एकाला वाटतं नोंदीमुळं आनंद बाटतो. दुसऱ्याला वाटतं आनंद ही नोंद करण्याजोगी गोष्टच नाही. मला दोघांचंही अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्याबद्दल हे लिहितोय.

आधी चुलतभावाचं घेतो. आपल्याकडं वाचन ही चैन का वाटते? कारण काम कधी संपत नाही. गोठ्यात जनावर आहे, वाफ्यात तण आहे, कॅनॉलला पाणी सुटलंय, आणि एक माणूस बांधावर पुस्तक घेऊन बसलाय. बघणाऱ्याला तो चोरच वाटतो. पण हे वाचणं आपल्या हातात आलं तरी कसं, ते बघा. 1848 साली पुण्यात दोन गोष्टी झाल्या. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांच्या पुढाकारानं नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. आणि त्याच साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. एकीकडं पुस्तकांची कपाटं आली आणि दुसरीकडं ती वाचण्याचा हक्क ज्यांना नव्हता त्यांच्या हातात पाटी आली. नुसत्या कपाटांनी आमच्यासारख्यांपर्यंत वाचन पोचलं नसतं.

खुद्द जोतिरावांनी 1847 च्या सुमारास टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं होतं. वीस वर्षांचा पोरगा, माळ्याच्या घरातला. कुणी वहीत नोंद केली असती तर ती एकाच ओळीची झाली असती : अमुक साली अमुक पुस्तक वाचलं. पण त्या एका ओळीनंतर पुढच्याच वर्षी काय झालं, ते आपण बघतोच आहोत. सगळ्या पुस्तकांचं असं होत नाही. माझ्या वहीतल्या ओळींनी काही क्रांती केलेली नाही. पण कोणती ओळ पुढं कुठं जाईल हे वाचताना कळत नाही, आणि म्हणून ती लिहिण्याइतकी तर नक्कीच मोलाची आहे. बी कोणत्या दिवशी टाकलं हे आपण लिहितो. उगवेल की नाही याची खात्री झाल्यावर लिहीत नाही.

आता प्राध्यापकांचं. त्यांना मी येरवड्याची गोष्ट सांगतो. 18 मार्च 1922 ला अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याच्या तुरुंगात आणलं. जानेवारी 1924 मध्ये ससूनमध्ये त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि 5 फेब्रुवारीला सुटका झाली. या पावणेदोन वर्षांत त्यांनी शंभराहून जास्त पुस्तकं वाचली. वर्तमानपत्र मिळत नव्हतं, पण पुस्तकं मिळत होती. तिथं त्यांनी रोजनिशी ठेवली होती, आणि तिच्यात कोणतं पुस्तक कधी संपवलं याच्या नोंदी आहेत. गिबनचा रोमन साम्राज्याचा भला मोठा इतिहास आहे, महाभारत आहे. त्याच्याच जोडीला ज्यूल व्हर्न आहे, स्टीव्हन्सनची जेकिल आणि हाइडची भयकथा आहे. महात्मा म्हणून जगानं डोक्यावर घेतलेला माणूस तुरुंगात बसून भयकथा वाचतो आणि वाचली म्हणून लिहूनही ठेवतो, याचं मला फार बरं वाटतं.

विचार करा, त्या तुरुंगात त्यांच्याबद्दल किती कागद लिहिले जात असतील. वजन किती, भेटायला कोण आलं, पत्रं किती, शिक्षा किती उरली. कैद्याचा सगळा हिशेब सरकारच्या हातात. अशा ठिकाणी माणूस स्वतःच्या हातानं लिहितो, की आज हे पुस्तक संपलं. ही नोंद तुरुंगाच्या कामाची नाही, सुटकेच्या कामाची नाही. पण तेवढी एक ओळ सरकारची नाही, त्याची स्वतःची आहे. त्या ओळीनं त्यांचा आनंद बाटला असेल असं मला वाटत नाही. उलट जिथं सगळं दुसऱ्याच्या वहीत जातं, तिथं आपली एक वही असणं हाच एक आनंद आहे.

मात्र प्राध्यापकांच्या म्हणण्यात एक खरं आहे आणि ते सोडून चालणार नाही. नोंद वेगळी आणि बेरीज वेगळी. नोंदीनं आनंद जात नाही. बेरजेनं जातो.

बेरीज लागते अशीही जागा आहे. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं. अ, ब, क, ड असे वर्ग असतात. वर्ग ठरतो तो पुस्तकं किती, सभासद किती, देवघेव किती, असल्या गोष्टींवरून. तिथं आकडा हवाच, कारण तो जनतेचा पैसा आहे आणि त्याचा जाब द्यावा लागतो. पण मी माझ्या गोडीनं वाचलं, त्याचं अनुदान मला कोण देणार आहे? आणि जाब कोण मागणार? हल्ली वर्षाच्या सुरुवातीलाच कुणी पन्नास ठरवतं, कुणी शंभर. आकडा ठरला की माणूस पुस्तक निवडताना आधी ते किती जाड आहे ते बघतो. 'धग'सारखी कादंबरी, जी संपल्यावर आठ दिवस दुसरं पुस्तक उघडवत नाही, ती आकड्याच्या हिशेबात तोट्याची. कारण त्या आठ दिवसांत दोन बारीक पुस्तकं झाली असती. म्हणून माझ्या वहीत क्रमांक नाहीत. एकूण किती झाली असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, चौथी वही चालू आहे.

आणि बेरीज करायची म्हटली तरी ती कशी करणार? माझे वडील श्रावणात 'पांडवप्रताप' लावायचे. ओसरीवर कंदील, समोर आठ-दहा माणसं, आणि वडील एक-एक अध्याय वाचून अर्थ सांगायचे. दर श्रावणात तेच पुस्तक. पस्तीस-चाळीस श्रावण त्यांनी तेच वाचलं. आजच्या हिशेबानं त्यांनी एकच पुस्तक वाचलं म्हणायचं, की चाळीस? तरुणपणी ते वाचताना त्यांचा आवाज युद्धाच्या अध्यायाला चढायचा. म्हातारपणी, थोरल्या काकांशी वाटणीचा वाद होऊन गेल्यावर, त्याच अध्यायाला आवाज खाली यायचा. भावाभावांची लढाई होती ना ती. पुस्तक तेच, पण वाचणारा बदललेला. म्हणून मी एखादं पुस्तक पुन्हा वाचलं तर पुन्हा नवी ओळ लिहितो. 'बनगरवाडी' माझ्या वहीत पाच वेळा आहे. पहिल्या वेळी त्यातल्या मास्तराच्या वयाचा होतो. आता त्यातल्या म्हाताऱ्यांच्या वयाचा झालोय.

आता वहीतले रकाने सांगतो, कारण खरा प्रश्न रकान्यांतच आहे. पहिल्या रकान्यात तारीख. दुसऱ्यात पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव. तिसऱ्यात पुस्तक आलं कुठून : अप्पा बळवंत चौकातनं विकत, फुटपाथवर जुन्यातलं, वाचनालयातलं, कुणी दिलेलं, रद्दीत सापडलेलं. चौथा रकाना आहे 'कुठवर'. पाचव्याचं नंतर सांगतो.

'कुठवर' म्हणजे पुस्तक कुठपर्यंत वाचलं. पूर्ण, निम्मं, वीस पानं, नुसतं चाळलं. हा रकाना सगळ्यात अवघड. एखादं मोठं नावाजलेलं पुस्तक असतं, चारचौघांत त्याचं नाव घेतलं की मान मिळतो. ते चाळीस पानांवर थांबतं, पुढं जात नाही. तिथं 'पूर्ण' लिहिलं तर कुणाचं काय बिघडतं? वही तर कुणी बघत नाही. तलाठ्याच्या नोंदीत खोटं असलं तर कोर्टात केस होते. दुधात पाणी घातलं तर लॅक्टोमीटर लावून पकडतात. इथं कसलंच मीटर नाही. आणि नेमकं म्हणूनच इथलं खरं लिहिणं हे खरं. माणूस पकडला जाईल म्हणून खरं बोलतो, तेव्हा तो खरा आहे की भित्रा, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. जिथं पकडणारं कुणी नाही तिथंच ते कळतं. या वहीचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच.

मोठ्या माणसांनीही हे पाळलेलं आहे. चार्ल्स डार्विन, माणसाच्या उत्पत्तीचा विचार मांडणारा, यानं 1838 ते 1860 अशी बावीस वर्षं वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या वह्या ठेवल्या. त्यात शास्त्राची पुस्तकं आहेत, प्रवासवर्णनं आहेत, कादंबऱ्याही आहेत. आणि जे नुसतं चाळलं त्यापुढं 'चाळलं' असंच लिहिलंय. एवढ्या विद्वानाला चाळलं असं लिहायला लाज वाटली नाही, तर आपल्या दहावीवाल्याला कशाला वाटावी?

याच डार्विननं म्हातारपणी एक खंत लिहून ठेवली. तरुणपणी त्याला कवितेची फार आवड होती, ती पुढं पार गेली, एक ओळही सहन होईना. पुन्हा जन्म मिळाला तर आठवड्यातनं एकदा तरी कविता वाचीन आणि गाणं ऐकीन, असं त्याला वाटलं. मला यातनं एक उमगलं. आपल्यातलं काय वाळत चाललंय ते आपल्याला आतून समजत नाही. विहिरीचं पाणी रोज बघणाऱ्याला ते किती खाली गेलं ते कळत नाही. काठीनं मोजून खूण केलेली असेल तर कळतं. वही ही तशी खूण आहे.

माझ्याच वहीतलं सांगतो. एका वर्षी बायकोचं मोठं ऑपरेशन झालं. दोन महिने मी दवाखाना आणि घर करत होतो. त्या दोन महिन्यांतली पानं आता काढून बघितली तर त्यात सगळी विनोदी पुस्तकं आहेत. चिं. वि. जोशी, द. मा. मिरासदार, शंकर पाटलांच्या कथा, पु. ल. अकरा पुस्तकं, सगळी हसवणारी. घरात हसू नव्हतं तेव्हा मी रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून हसायला शोधत होतो. तेव्हा कुणी विचारलं असतं, तर 'मी धीरानं आहे' असंच सांगितलं असतं. तसं सांगतही होतो. वहीनं मात्र किती भ्यालो होतो ते बरोबर लिहून ठेवलं, तेही 'भीती' हा शब्द न वापरता. आणि 2003 च्या दुष्काळातलं अख्खं वर्ष कोरं आहे. ती कोरी पानं मी तशीच सोडलीत. त्यांवर दुसरं काही लिहिलं नाही. पडीक राहिलेल्या रानाचीही सातबाऱ्यावर पड म्हणून नोंद होतेच की.

गोडीचं वाचन लिहायचं म्हटल्यावर आणखी एक मोह होतो. जे दाखवण्यासारखं आहे तेवढंच लिहायचा. आमच्या पिढीत बाबूराव अर्नाळकर न वाचलेला माणूस विरळा. झुंजार आणि काळापहाड यांच्या रहस्यकथा. हजारावर पुस्तकं लिहिली त्या माणसानं. यार्डातनं रिकामी टोपली घेऊन परतताना पीएमटीच्या मागच्या सीटवर मी ती वाचली. गावाचा स्टॉप येऊन जाईपर्यंत भान नसायचं. आता मला पुष्कळजण सांगतात, की ते साहित्य नव्हे. नसेलही. पण माझ्या पहिल्या वहीची पहिली दोन पानं त्यांनीच भरलेली आहेत. ती पानं फाडून तिथनं 'स्मृतिचित्रे' आणि 'फकिरा' यांच्यापासून सुरुवात केली, तर वही भारदस्त दिसेल. पण मग ती माझी राहणार नाही, एखाद्या सत्कारातल्या ओळखपत्रासारखी होईल. ज्वारीच्या ताटाला आधी पाती येतात, कणीस नंतर. पाती कुणी खात नाही, पण तिच्याशिवाय कणीस येत नाही.

आता पाचवा रकाना. हा आमच्या घरातून आला. एका संध्याकाळी मी वही लिहीत होतो. बायको गोठ्यातनं हात धुऊन आली आणि म्हणाली, "काय लिव्हताय?" म्हटलं, "पुस्तक संपलं, ते लिहितोय." ती म्हणाली, "पुस्तक तुमी वाचलं, पर तवर शेण कुणी काढलं त्येबी लिव्हा की." ती हसतच म्हणाली होती. पण मला ते हिशेबाला बरोबर वाटलं. जमाखर्चात जमा लिहायची आणि खर्च लिहायचा नाही, असा कोणता हिशेब असतो? त्या दिवसापासून पाचवा रकाना पडला : 'वेळ कुणाचा'.

त्या रकान्यात एकेका शब्दाच्या नोंदी आहेत. 'पाऊस', म्हणजे वापसा नव्हता, रानात जाता येत नव्हतं, तो वेळ देवानं दिला. 'रात्र', म्हणजे झोपेतनं काढलेला. 'यार्ड', म्हणजे लिलावाची वाट बघताना. 'धाकटा भाऊ', म्हणजे त्या रात्री भरणं त्यानं धरलं. 'सूनबाई', म्हणजे तिनं धारा काढल्या. आणि सगळ्यात जास्त वेळा 'घरची'. चारही वह्या उलटून बघितल्या तर निम्म्याच्या वर पुस्तकांपुढं हाच शब्द आहे. जुन्या वह्यांमध्ये मागनं आठवून लिहिला, पण नक्की आठवलं तिथंच.

यात मला या सगळ्या प्रश्नाचं मूळ सापडलं असं वाटतं. गोडीचं वाचन फुकट असतं असं आपण म्हणतो. कुणाचं देणं नाही, कुणाचं घेणं नाही. पण वेळ आकाशातनं पडत नाही. एक माणूस बसला की दुसरा उभा असतो. शहरातही तेच. आरामखुर्चीत पुस्तक उघडलं जातं तेव्हा स्वयंपाकघरात कुणाचा तरी कुकर लागलेला असतो. म्हणून वाचू नये असं मी म्हणत नाही. भरणं धरणाऱ्यानं आपल्याला वेळ दिला आणि तो आपण वाया घालवला, तर ते जास्त वाईट. पण दिलेल्याची नोंद असावी. उसनं घेतलेलं बी परत करायचं असतं, निदान कुणाकडनं घेतलं ते लक्षात ठेवायचं असतं. लक्षात ठेवलं की परतफेडीची वाट आपोआप दिसते.

आमच्या घरात ती वाट अशी निघाली. बायको चौथीपर्यंत शिकलेली. तिला अक्षरं येतात, पण डोळे लवकर दमतात. मग रात्री जेवणं झाल्यावर मी मोठ्यानं वाचायला लागलो. आनंद यादवांचं 'झोंबी' आम्ही असंच पुरं केलं. त्यातली शिकण्यासाठी धडपडणाऱ्या पोराची आणि त्याच्या आईची हकिगत ऐकताना ती मध्येच थांबवायची. एकदा म्हणाली, "पोरानं आईचं लिव्हलं म्हणून आपल्याला कळलं. आईनं सोताचं लिव्हलं असतं तर?" यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. त्या पुस्तकापुढं 'कुठवर'मध्ये 'पूर्ण' आहे आणि 'वेळ कुणाचा'मध्ये 'दोघांचा'. ऐकलेलं पुस्तक वाचल्यात धरावं की नाही, असा वाद कुणी घातला, तर मी त्याला माझ्या वडिलांच्या ओसरीवरची आठ-दहा माणसं दाखवीन. त्यातल्या एकालाही लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि एकालाही कर्ण माहीत नाही असं नव्हतं.

माझ्या नातीनं मागं सुचवलं, "आबा, फोनमध्ये ठेवा ना यादी, हरवायची नाही." तिचं खरं आहे, कागदाला वाळवी लागते. पण फोनमध्ये गेलं की ते पुन्हा कुणाच्या तरी दुसऱ्याच्या वहीत गेलं. त्यांचे रकाने, त्यांच्या चांदण्या, त्यांची बेरीज. वर मला काय आवडतं हे बघून काय विकावं ते ते ठरवणार. आडत्याच्या पट्टीवर माझा माल असतो, तिथं ठीक आहे. माझी गोडी तिथं कशाला? नातीला म्हटलं, तू तुझी फोनमध्ये ठेव, पण त्यात 'वेळ कुणाचा' असा रकाना असला तर मला दाखव. तिनं शोधून बघितलं. हसली आणि दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही घेऊन आली.

तिला मी जे सांगितलं तेच वाचणाऱ्यांना सांगतो. वही साधी घ्या. पुस्तक संपल्यावर किंवा सुटल्यावर त्याच दिवशी लिहा. उद्यावर ठेवलं की माणूस सजवून लिहितो. चार ओळींपेक्षा जास्त लिहू नका. लांबलं की ते परीक्षण होतं आणि मग वाचकाची नजर आठवते. सुटलेलं पुस्तकही लिहा. लाज वाटते ते आधी लिहा. आकडे घालू नका. आणि तुम्ही वाचत होता तेव्हा तुमचं काम कोण करत होतं, तेवढं एका शब्दात लिहा.

आमच्या वावराच्या तिन्ही बाजूंना आता इमारती आल्यात. राहिलेलं दीड एकर किती दिवस राहील, ते पोरं ठरवतील. मी गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद होईल, फेरफार पडेल, माझ्या नावाला कंस होईल. त्याची सगळी व्यवस्था सरकारनं केलेली आहे. या वह्यांना वारसनोंद नाही. कुणी ठेवल्या तर ठेवल्या, बंबात घातल्या तर पाणी तापेल. त्यांचं काम होऊन गेलेलं असेल. पन्नास वर्षं एका माणसाला, कुणी विचारत नसताना खरं लिहायची सवय लागावी, एवढंच ते काम होतं. सध्या गवार तोडायला आलीय आणि बाकावर एक पुस्तक निम्मं पडलंय. आज तोडणी कोण करतंय, ते रात्री पाचव्या रकान्यात लिहीन.